सुरवाडेबाईंचे मांडे

नशिराबादच्या भागाबाई सुरवाडे सहसा हसत नाहीत, आणि हसल्याच तर समोरच्याने आपलं काय चुकलं ते आधी बघून घ्यावं. वय पंचावन्नच्या पुढे, अंगकाठी बारीक, आवाज मात्र असा की हायवेच्या पलीकडून हाक मारली तरी रिक्षावाला थांबतो. बावीस वर्षं त्या लग्नाकार्यांत मांडे करतात. दुसरं काही करत नाहीत. भाजी चिरायला बसवलं तर उठून जातात. "जे येस ते करानं, दुसरासनं बिघाडानं नही," एवढं बोलून पदर खोचतात आणि खापरापाशी जाऊन बसतात.

मांडा म्हणजे पुरणपोळीच, पण पोळपाटावर लाटलेली नव्हे. कणीक पाण्याच्या हाताने तासभर मळायची, आपटायची, ती ताणली की तुटता कामा नये. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर घ्यायचा, झुलवत झुलवत मनगटापासून कोपरापर्यंत पसरवायचा आणि चुलीवर पालथं घातलेल्या मातीच्या मोठ्या खापरावर एका झटक्यात टाकायचा. भागाबाईंचा मांडा खापराच्या काठाखाली लोंबतो आणि त्याच्यातून पलीकडचा जाळ दिसतो, पण फाटत नाही. आपलं खापर भागाबाई जुन्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर घेऊन प्रवास करतात. टेम्पोत कढयांच्या ढिगात ते टाकू देत नाहीत.

पूर्वी हे सगळं मांडवाच्या मागे चालायचं. पत्र्याआड सहा चुली, सहा बाया, धूर आणि घाम. पुढे पंगती उठायच्या, बसायच्या. मांडा कोणी केला हे कोणी विचारत नव्हतं, कारण मागे डोकवायला गेलं तर डोळ्यांत धूर जायचा. मग जळगावच्या लग्नांत लाईव्ह काउंटर नावाची टूम निघाली. भागाबाईंना कामावर बोलावणारा कॅटरर अमृतशेठ या टुमेत सगळ्यांच्या पुढे. त्याने चुली मागून उचलून लॉनच्या ऐन मधोमध आणल्या. त्यांना सारवलेल्या भिंतीचा रंग दिलेलं प्लायवुड ठोकलं, वर गवताचं छप्पर घातलं, बाजूला बैलगाडीचं एक चाक टेकवलं आणि दिव्यांचा बोर्ड लावला : 'आजीच्या हातचे खान्देशी मांडे – लाईव्ह'. बायांना एकसारख्या हिरव्या साड्या दिल्या आणि प्रत्येकीला नावाचा बॅज. ज्या बायांना इतक्या वर्षांत कोणी पाणी विचारलं नव्हतं, त्यांच्या खांद्याला खांदा लावून पाहुणे फोटो काढू लागले. एका पाहुणीने भागाबाईंना सांगितलं, "आजी, जरा हसा ना!" भागाबाई म्हणाल्या, "खापर तापेल शे, माय. तू बठ आठे, मी हासस."

पुढे आणून बसवल्याचा असा मान मिळाला, आणि त्याच्याच मागोमाग चौकशी आली.

माघातलं लग्न होतं, जळगावातलंच. मुलाकडचे एक नाना काउंटरशी आले. पांढरे कपडे, कपाळाला गंध, पोट पुढे. आल्या आल्या त्यांनी एक मांडा संपवला, मग दुसरा, वर साजूक तुपाची आणखी एक वाटी मागून घेतली. तिसरा मांडा खापरावर असताना त्यांना गप्पा सुचल्या. बॅजवर फक्त 'भागाबाई' एवढंच होतं. तेवढ्यावर नानांचं भागेना.

"बाई, गाव कोणतं?"

"नशिराबाद."

"नशिराबादला कोणाकडच्या?"

"सुरवाडे."

"सुरवाडे म्हणजे..."

हे 'म्हणजे' कुठल्या आळीत जाऊन थांबतं ते जळगाव-धुळ्यात शेंबड्या पोरालाही कळतं. सुरवाडे म्हणजे गावच्या बौद्ध वस्तीतले. नानांना ते माहीत होतं. बाईच्या तोंडून ऐकायचं होतं एवढंच.

"म्हंजे सुरवाडे," भागाबाई म्हणाल्या आणि मांडा खापरावरून काढून त्यांच्यासमोर धरला.

नानांनी हातातलं ताट तिथल्या तिथे टेबलावर ठेवलं. खिशातून रुमाल काढून ओठ पुसले, दोन बोटं पुसली, आणि चूळ भरायला गेले. आत उतरलेल्या दोन मांड्यांचं काय करायचं, त्याचा मात्र त्यांनी काही विचार केलेला दिसला नाही. थोड्या वेळाने कुजबुज सुरू झाली आणि रांगेतली बरीचशी माणसं डोशाच्या काउंटरकडे वळली. एकाएकी सगळ्यांना डोसा आवडायला लागला. भागाबाईंच्या परातीत उंडे तसेच राहिले.

अमृतशेठ हा माणूस जातपात मानत नाही, असं तो स्वतः सांगतो. दर चौदा एप्रिलला चौकात सरबत वाटतो, आणि सरबताच्या पिंपापेक्षा त्याचा बॅनर मोठा असतो. त्याने भागाबाईंना थंड पेयांच्या फ्रीजमागे बोलावलं आणि आवाज खाली आणला.

"मावशी, माझ्या मनात काही नाही हो. पण पार्टीचं मन सांभाळावं लागतं."

"पार्टीनं मन शे, मना मन नही का?"

"तसं नाही. मी काहीतरी मार्ग काढतो ना."

पुढच्या लग्नाला त्याने मार्ग काढून आणला. मार्ग म्हणजे नवा बॅज. भागाबाई चौथी शिकलेल्या. त्यांनी तो हातात धरून एकेक अक्षर वाचलं : 'पाटील काकू'.

"हाई कोन?"

"तुम्हीच. चार तासांचा तर प्रश्न आहे."

"शेठ, मना मालकले मरीसन नऊ वरीस व्हयनात. आते या वयात माले पाटलाना घरमा देवाले निंघनात का?"

बाकीच्या पाचही बाया खदखदून हसल्या. अमृतशेठला मात्र मिरच्या झोंबल्या. बॅज त्याने खिशात टाकला आणि दुसरा मार्ग काढला. काउंटरच्या पाठीमागे बैलजोडीचं चित्र असलेला फ्लेक्स होता. त्या फ्लेक्सच्या मागे एक चूल मांडली आणि भागाबाईंना तिथे बसवलं. मांडे त्यांनीच करायचे, कारण त्यांच्यासारखा मांडा दुसऱ्या कोणाला येत नाही हे शेठला पक्कं ठाऊक. फ्लेक्सला खाली चीर पाडली होती, तिथून मांडा पुढे सरकवायचा. पुढे त्यांच्या जागी ताईबाईने उभं राहायचं, हातावर एखादा उंडा झुलवून दाखवायचा आणि मागून आलेला मांडा खापरावरून काढल्यासारखा काढून वाढायचा. हात चालणार होते. तोंड आणि आडनाव तेवढं नको होतं.

ताईबाई जामनेरकडच्या शेतकरी घरातली. नऊ वर्षं तिची चूल भागाबाईंच्या चुलीशेजारी. त्या दिवशी ती पुढे उभी राहिली. मान मात्र खाली घालून. भागाबाईंनी चिरेतून बघितलं. ताईबाईबरोबर पोरीबाळी फोटो काढत होत्या, तिच्या हातात भागाबाईंचा मांडा होता आणि एक बाई म्हणत होती, "बघा, ही खरी आपली संस्कृती." भागाबाईंना रडू आलं नाही. राग आला, आणि रागापेक्षा लाज जास्त वाटली. आपण इथे बसलो कशा, याची लाज. बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा एक मांडा फाटला.

आठ दिवसांनी बैठक होती, तेव्हा त्या युनियनच्या ऑफिसात गेल्या.

आचारी-वाढपी कामगारांची ही युनियन म्हणजे एका टायरच्या दुकानावरची माडी, दहा प्लास्टिकच्या खुर्च्या, एक टेबल आणि रुपचंद. रुपचंद युनियनचा सेक्रेटरी. हाताला चव असलेला भाजीचा आचारी, पण त्याचा खरा जीव लेटरहेडवर. तीन शिक्के होते त्याच्याकडे, तिन्ही तो रोज पुसून ठेवायचा. निषेधाची पत्रं तयारच असत, प्रसंगानुसार नाव तेवढं घालायचं. भागाबाई सहा वर्षांपासून मेंबर होत्या. या सहा वर्षांत युनियनने त्यांच्यासाठी काय केलं असं विचारलं असतं, तर त्यांनी सांगितलं असतं की दर दिवाळीला एक कॅलेंडर दिलं.

त्या दिवशी पंधरावीस वाढपी होते, मांड्याच्या बायाही होत्या. ताईबाई दाराशी बसली होती. रुपचंदने सगळं ऐकलं आणि टेबलावर मूठ आपटली.

"अक्का, हा तुमचा एकट्यांचा अपमान नाही! हा संपूर्ण कामगार वर्गाचा अपमान आहे! आपण निवेदन देऊ. मोर्चा काढू. अॅट्रॉसिटीचा गुन्हा दाखल करू!"

"केस करानी ते मी करसू. पोलीस ठेसन माले म्हाइत शे," भागाबाई म्हणाल्या. "पन केस चालस तवलोंग मी कथा बठू? पडदामांगे? माले मनी जागा पाहिजे. मना नावनी."

"संपूर्ण वर्ग तुमच्या पाठीशी आहे, अक्का."

"कोन कोन शे त्या वर्गमा?"

रुपचंदला प्रश्न कळला नाही. भागाबाईंनी तो उलगडून सांगितला. दर थंडीत युनियनची भरीत पार्टी होते. शेतात जायचं, काड्यांवर वांगी भाजायची, भरीत कुटायचं, कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी थापायच्या, केळीच्या पानावर जेवायचं. सहा वर्षं भागाबाई जातात. सहा वर्षं त्यांना काम मिळतं ते वांगी भाजायला काड्या गोळा करायचं. एकदाही कोणी म्हणालं नाही की भागाबाई, या भाकरीला बसा.

"मना मांडा हजार मान्सासले चालस. मंग युनियनले मनी भाकर का बरं चालत नही, रुपचंदभाऊ?"

खालच्या दुकानात टायर आपटल्याचा आवाज वर आला. सगळे वाढपी पंख्याकडे बघू लागले. त्या पंख्याकडे इतकं लक्ष आजवर कोणी दिलं नव्हतं. क्रांतीची भाषा करणाऱ्या या मंडळींना कोणी मुद्दाम सांगितलं नव्हतं की हिला भाकरीला बसवू नका. सांगावं लागलं नव्हतं, हीच तर गोम. आपोआप होत होतं, आणि आपोआप होतंय म्हणून कोणाला टोचत नव्हतं. भागाबाईंना त्या क्षणी अमृतशेठ परवडला असं वाटलं. निदान त्याने फ्लेक्सचा खर्च तरी केला होता.

रुपचंदचा चेहरा पडला. 'गैरसमज होतोय' हे त्याच्या ओठांवर आलं असणार, पण त्याने ते गिळलं. शिक्के बाजूला सारले आणि म्हणाला, "चुकलं, अक्का. आमनं चुकनं." सहा वर्षांत त्या माडीवर बोललं गेलेलं हे पहिलं कामाचं वाक्य.

मग दाराशी बसलेली ताईबाई बोलली. ती बैठकीत कधी बोलत नसे.

"काम बंद करानं नही. बंद करं ते शेठ दुसऱ्या बाया आनी. आपन बठ्ठ्या पडदामांगे बठसूत. सहाच्या सहा. पुढे कोन्हीच नही. मांडा कराना, पन दखाडाना नही." आणि भागाबाईंकडे न बघता, "आठ दिन व्हयनात, माले अन्न गोड लागत नही."

भागाबाई विरघळल्या वगैरे नाहीत. "तुले गोड लागो का कडू, ते तुनं तू दख. पन मांगे बठशी ते मंग उठानं नही," एवढंच त्या म्हणाल्या.

रुपचंदने लेटरहेडचा एक कागद ओढला, पण या वेळी निवेदन लिहिलं नाही. वाढप्यांनी काय बोलायचं ते एक वाक्य लिहिलं आणि सगळ्यांकडून शाळेसारखं तीनतीनदा म्हणून घेतलं.

फाल्गुनात धुळ्याला मोठं लग्न होतं. दुपारचं, बाराशे पानांचं. अमृतशेठने या काउंटरची जाहिरात मुलीच्या वडिलांपुढे महिनाभर केली होती. टेम्पोतून सहा बाया उतरल्या, मांडीवरची खापरं घेऊन सरळ चालत गेल्या आणि एकामागून एक फ्लेक्सच्या मागे दिसेनाशा झाल्या. मग दोघी परत आल्या, पुढच्या चुलींच्या विटा उचलल्या आणि त्याही मागे नेल्या. दहा मिनिटांत मागे सहा चुली पेटल्या.

"अहो, हे काय? तुम्ही पाचजणी पुढे!" अमृतशेठ धावत आला.

"आमले पडदामांगे सावली बरी वाटस," सुंदरबाई म्हणाली.

मांडे अगदी वेळेवर येत होते. पातळ, मऊ, एकही करपलेला नाही. तक्रारीला जागाच नव्हती. पुढे मात्र गवताचं छप्पर होतं, बैलगाडीचं चाक होतं, 'लाईव्ह' असा लखलखता बोर्ड होता आणि माणूस म्हणून कोणी नव्हतं. पाहुणे मोबाईल उगारून यायचे आणि रिकाम्या प्लायवुडकडे बघत राहायचे.

"आजी कुठे आहेत?" ते विचारायचे.

"पडद्यामागे बसवलंय. का ते शेठना विचारा," वाढपी म्हणायचा.

तीस वाढपी होते. तिसांचं वाक्य एकच, त्यात काना-मात्रेचा फरक नाही. पाऊण तासात अमृतशेठला दीडदोनशे लोकांनी गाठलं. पहिल्या पन्नासांना त्याने धुराचं कारण सांगितलं. पुढच्यांना सांगितलं, बायांना ऊन लागतं. कोणाला तरी तो अग्निशमन दलाचा नवा नियम आहे असंही म्हणाला, आणि तो पाहुणा नेमका अग्निशमन दलातच नोकरीला निघाला. शेठचा शर्ट पाठीला चिकटला.

शेवटी मुलीचे वडील आले. ते संतापले होते आणि त्यांचं खरंही होतं, त्यांनी आज्या ठरवल्या होत्या, फ्लेक्स नव्हता ठरवला. त्यांनी एका वाढप्याकडून खरं काय ते काढून घेतलं आणि फ्लेक्सजवळ येऊन तावातावाने म्हणाले, "काढा तो पडदा आधी! कुठल्या जमान्यात राहता तुम्ही लोक?" भागाबाईंनी हातातला उंडा थांबवला. क्षणभर त्यांना वाटलं, बरा माणूस दिसतो. तेवढ्यात आवाज खाली घेऊन तो बरा माणूस शेठला म्हणाला, "पाच जणी पुढे घ्या. त्या बाई तेवढ्या राहू द्या आत. मुलाकडचे लोक आहेत, उगाच आजच्या दिवशी नको."

फ्लेक्स कागदाएवढा जाड. मागे सगळं ऐकू गेलं.

"सहा नहीते एकबी नही," आतून ताईबाई ओरडली. इतक्या मोठ्याने ओरडली की स्टेजवरच्या नवरानवरीने वळून बघितलं.

पडदा शेवटपर्यंत निघाला नाही आणि पुढे कोणी आलं नाही. पंगती उरकल्या. बायांनी चुली विझवल्या, खापरं निवेपर्यंत तिथेच बसल्या, मग ती लुगड्यांत गुंडाळली. अमृतशेठ समोर येऊन थयथयाट करत होता. "उद्यापासून कोणी यायचं नाही! जळगाव-धुळ्यात मांडे करणाऱ्या बायांचा काय दुष्काळ पडलाय?"

दुष्काळ पडला. तो रुपचंदने पाडला, हे मान्य करायला हवं. शिक्के टेबलावर ठेवून तो मोटरसायकलवर फिरला, भुसावळपासून शिरपूरपर्यंत. धुळ्याच्या बाजूचा युनियनचा माणूस वना, त्याने तिकडच्या एकूण एक मांडेवाल्या बायांना गाठलं. शेठचा फोन गेला की एकीला ताप असायचा, दुसरीकडे पाहुणे असायचे, तिसरी सरळ सांगायची की सुरवाडेबाई पुढे बसतील तेव्हा येऊ. रुपचंदने स्वतःही शेठची भाजी टाकली. ते हंगामाचे दिवस होते आणि घरी बसणं कोणालाच सोपं नव्हतं. भागाबाई केळीच्या बागेत तण निंदायला गेल्या. सहा जणींतल्या वच्छलाबाईचा नवरा तिला रोज विचारायचा, त्या सुरवाडेबाईचं तुला काय पडलंय. तिने एकदा त्याच्या पुढ्यातली भाजीची वाटी उचलून नेली, तेव्हापासून विचारायचा थांबला. कॅलेंडर वाटणाऱ्या युनियनला आता युनियन म्हणायला हरकत नाही, असं भागाबाईंना पहिल्यांदा वाटलं. बोलल्या नाहीत. रुपचंद लगेच ते लेटरहेडवर छापून घेईल अशी त्यांना भीती होती.

अमृतशेठने उलट्या कढईवर रुमाली रोटी करणारे दोघे कारागीर आणले आणि त्यांच्याकडून पुरण भरून घेतलं. त्या दोघांचा काही दोष नाही, त्यांनी आयुष्यात मांडा पाहिला नव्हता. जे तयार झालं ते दातांनी तुटत नव्हतं. एका लग्नात एक म्हातारी ते ताटात उलटंपालटं करून म्हणाली, "हाऊ मांडा शे का चादर?" त्या दिवसापासून पाहुणे आपापसात शेठला चादरवाला म्हणू लागले.

असं करता करता आखाजी आली.

बाहेरच्या लोकांना ती अक्षय्यतृतीया. खान्देशात तो लेकीबाळींनी माहेरी यायचा, झोके घ्यायचा आणि गळ्यापर्यंत आमरस-मांडे जेवायचा दिवस. पितरांची घागर भरायची रीत भागाबाईंच्या घरी नाही, पण आखाजीला रस-मांडे न करणारं घर या मुलखात शोधून सापडणार नाही. भुसावळला नर्स असलेली त्यांची मुलगी प्राची आली होती. त्यांनी पाचही बायांना जेवायला बोलावलं. पाचही आल्या, भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीखाली ओळीने बसल्या आणि जेवल्या. ताईबाई या घरात पहिल्यांदा जेवत होती. भागाबाईंनी त्याचं कौतुक केलं नाही. नऊ वर्षं शेजारी बसून आज जेवली, त्यात कौतुक कसलं?

जेवणं होत आली आणि दारात गाडी थांबली. अमृतशेठ उतरला. दीड महिन्यात गडी चांगलाच उतरला होता.

"मावशी, झालं गेलं विसरून जा," उंबऱ्यावरूनच तो म्हणाला. "उद्या जामनेरला लग्न आहे. पार्टी म्हणते, मांडे खरे पाहिजेत, नाहीतर ऑर्डर दुसऱ्याला."

प्राचीने खुर्ची दिली. तो टेकला न टेकल्यासारखा बसला.

"मी कथा बठसू?" भागाबाईंनी विचारलं.

"पुढेच. अगदी मधल्या चुलीवर."

"पडदा?"

"काढून टाकला. आणि हे बघा." त्याने खिशातून बॅज काढून खाटेवर ठेवला. 'भागाबाई सुरवाडे'. आडनाव नावापेक्षा मोठ्या अक्षरात छापलं होतं. पाचही बायांनी वाकून बघितलं. जे मागितलं होतं ते सगळं खाटेवर येऊन पडलं होतं.

भागाबाईंनी बॅजला हात लावला नाही. त्या उठल्या, ताट घेतलं, त्यात मांडा ठेवला, वाटीत रस, वर तुपाची धार, आणि ताट शेठच्या हातात दिलं.

"नको नको, मावशी," शेठ घाईघाईने म्हणाला, "माझा आज उपवास आहे."

बोलून गेला, आणि आपण काय बोललो ते त्याला ऐकू आलं. वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस ही थाप पचली असती. संकष्टी आहे म्हणाला असता, गुरुवार आहे म्हणाला असता, कोणी मान वर केली नसती. नेमक्या आखाजीच्या दिवशी, खान्देशात, रसाची वाटी हातात धरून त्याने ती मारली होती. आधी सुंदरबाई फिस्सकन हसली, मग ताईबाई. भागाबाई मुळीच हसल्या नाहीत.

"आखाजीले कोना उपास ऱ्हास, शेठ?"

"म्हणजे... पोट जरा..."

"बावीस वरीस तुमी मना हातना मांडा लोकेसले खावाड्या. तुमी कधी खादा का? एकदाबी? माले वाटे, शेठले गोड आवडत नसी." त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर शेठला बरं वाटलं असतं. "पोट बरं व्हऊ द्या. मंग या. तवलोंग हाऊ बॅज तुमनापान ठेवा."

शेठच्या खिशात फोन वाजायला लागला. जामनेरची पार्टी. तो वाजून वाजून थांबला. शेठने एकदा दाराकडे पाहिलं. बाहेर गल्लीत पोरींचे झोके चालले होते, कोणाचंच लक्ष नव्हतं, आणि घरात मात्र सहा बाया आणि एक नर्स त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. त्याने मांड्याचा तुकडा मोडला. रसात बुडवला. खाल्ला. डोळे खाली घालून, घोट घोट औषध घ्यावं तसा, शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ला.

मग रिकामं ताट हातात धरून तो उठला आणि ठेवायला जागा शोधू लागला.

"ताट... कुठे ठेवू?"

"तठे मोरी शे. घासी टाका," भागाबाई म्हणाल्या. "मना बाप तुमना लोकेसना मांडवमा जेवे, तवय आपलं ताट आपन घासे आनि भाईर भितडापान पालथं ठेवे. तुमी भाईर ठेवू नका. आतमा, बठ्ठासना ताटंसमा ठेवा."

बाराशे पानांची लग्नं उठवणारा अमृतशेठ मोरीशी उकिडवा बसला. त्याला राखेची वाटी सापडेना, ती प्राचीने पुढे सरकवली. त्याने ताट घासलं, विसळलं आणि फडताळात घरातल्या इतर ताटांच्या शेजारी उभं केलं. सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत भिजल्या होत्या.

भागाबाईंनी खाटेवरचा बॅज उचलला आणि पदराच्या टोकाने पुसला.

"टेम्पो कितला वाजता धाडशात?" त्यांनी विचारलं.